मधुसूदन दत्त : उशिरा उमगलेली भाषा

मायकेल मधुसूदन दत्त यांच्या ज्या वाङ्मयामुळे आधुनिक बंगाली साहित्याचा इतिहास त्यांच्यापाशी थांबून पुढे जातो, ते जवळजवळ सर्व वाङ्मय १८५८ ते १८६२ या चार-साडेचार वर्षांत लिहिले गेले. त्या काळाच्या आरंभी त्यांचे वय चौतीस वर्षांचे होते आणि अखेरीस अडतीस. त्यापूर्वीची सुमारे वीस वर्षे त्यांनी इंग्रजी कवी होण्याच्या प्रयत्नात घालविली आणि त्यानंतरची अकरा वर्षे परदेशवास, वकिली, कर्ज आणि आजार यांत गेली. एकोणपन्नास वर्षांच्या आयुष्यात प्रतिभेला स्वतःचे घर सापडलेला काळ इतका अल्प असावा, ही त्यांच्या चरित्रातील मध्यवर्ती घटना होय. हा विलंब का झाला, त्याची किंमत कोणी मोजली आणि त्या विलंबातूनही काय हाती लागले, या प्रश्नांच्या अनुरोधाने त्यांचे चरित्र पाहणे उद्बोधक ठरते.

मधुसूदनांचा जन्म २५ जानेवारी १८२४ रोजी जेसोर जिल्ह्यातील कपोताक्ष नदीच्या काठी वसलेल्या सागरदाडी या गावी झाला. वडील राजनारायण दत्त हे कलकत्त्याच्या सदर दिवाणी अदालतीत वकिली करणारे सधन गृहस्थ. आई जाह्नवीदेवी यांना वाचनाची गोडी होती. कृत्तिवासाचे रामायण आणि काशीराम दासाचे महाभारत त्यांच्या तोंडून ऐकतच मुलाचे बालपण गेले. मराठी घरात 'पांडवप्रताप' आणि 'रामविजय' या ग्रंथांना जे स्थान होते, तेच बंगाली घरात या दोन ग्रंथांना होते. पुढे अनेक भाषांतील महाकाव्ये वाचूनही या पहिल्या श्रवणाचा ठसा पुसला गेला नाही. मात्र त्याचे मोल ध्यानी येण्यास अर्धे आयुष्य जावे लागले.

कलकत्त्यास आल्यावर मधुसूदनांनी हिंदू कॉलेजात प्रवेश घेतला. डेरोझिओंनी चेतविलेल्या बंडखोरीची धग तेथे अद्याप शिल्लक होती, आणि कॅप्टन रिचर्डसन यांच्या अध्यापनाने विद्यार्थ्यांना इंग्रजी काव्याचे वेड लावले होते. भूदेव मुखोपाध्याय, राजनारायण बसू, गौरदास बसाक हे त्यांचे सहाध्यायी. या तरुणांच्या दृष्टीने बंगाली ही घरातील स्त्रियांशी व नोकरांशी बोलण्याची भाषा होती; विचार आणि काव्य यांची भाषा इंग्रजी होती. मधुसूदनांनी शालेय वयातच इंग्रजीत कविता लिहून इंग्लंडच्या किनाऱ्याची ओढ व्यक्त केली. थोर कवी व्हावयाचे तर इंग्लंडला गेलेच पाहिजे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ही समजूत केवळ एका मुलाची नव्हती, ती एका पिढीची होती.

९ फेब्रुवारी १८४३ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मधुसूदनांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. वडिलांनी ठरविलेला विवाह टाळणे, विलायतेला जाण्याची आशा आणि नव्या विचारांचे आकर्षण अशी त्यामागची विविध कारणे चरित्रकारांनी सांगितली आहेत. ती सर्वच थोड्याफार प्रमाणात खरी असावीत. हिंदू कॉलेजचे दार त्यामुळे बंद झाले आणि ते बिशप्स कॉलेजात गेले. तेथे ग्रीक व लॅटिन या भाषांचा त्यांचा पाया पक्का झाला. मुलाने घर सोडल्यानंतरही राजनारायणबाबू काही वर्षे त्याचा खर्च चालवीत राहिले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. परंतु दुरावा वाढत गेला, वडिलांनी दुसऱ्या पुत्राच्या आशेने पुन्हा विवाह केले, आणि अखेर पैसे येणे थांबले. विलायतेचे स्वप्न तूर्त दूर राहिले, आणि १८४८ च्या आरंभी मधुसूदन मद्रासला जाऊन पोहोचले.

मद्रासमधील आठ वर्षांच्या वास्तव्यात त्यांनी शिक्षकाची नोकरी केली, वृत्तपत्रांत लेखन व संपादन केले आणि १८४८ मध्येच रेबेका मॅक्टॅव्हिश हिच्याशी विवाह केला. १८४९ मध्ये पृथ्वीराज व संयुक्ता यांच्या कथेवर आधारलेले 'द कॅप्टिव्ह लेडी' हे त्यांचे इंग्रजी काव्य पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. मद्रासमध्ये थोडे कौतुक झाले. ज्या कलकत्त्याकडे कवीचे डोळे लागले होते तेथे मात्र उपेक्षाच वाट्यास आली. गौरदास बसाक यांनी पुस्तकाची एक प्रत शिक्षण मंडळाचे अध्यक्ष बेथून यांना दिली. बेथून यांनी स्पष्ट मत कळविले : परभाषेतील अशा रचनेपेक्षा, इंग्रजी साहित्याच्या अभ्यासाने संस्कारित झालेली रुची या तरुणाने स्वतःच्या भाषेच्या सेवेस लावली, तर देशाला व त्याला स्वतःलाही अधिक लाभ होईल. शासनातील एका इंग्रज अधिकाऱ्याने एका बंगाली कवीला बंगालीत लिहिण्याचा उपदेश करावा, यात एक विसंगती होती. देशी लोकांनी इंग्रजी काव्याच्या प्रांगणात येऊ नये असाही अर्थ तिच्यातून काढता येणे शक्य होते. मधुसूदनांचा अभिमान दुखावला असला तरी सल्ला त्यांनी झिडकारला नाही.

तथापि या प्रसंगाला एकाएकी झालेल्या साक्षात्काराचे रूप देणे इतिहासाला धरून होणार नाही. त्याच वर्षाच्या आरंभी मधुसूदनांनी गौरदासांकडे काशीरामाचे महाभारत व कृत्तिवासाचे रामायण यांच्या श्रीरामपुरी आवृत्त्या मागविल्या होत्या. आपण बंगाली झपाट्याने विसरत चाललो आहोत, ही जाणीव त्यांना बेथून यांच्या पत्रापूर्वीच टोचू लागली होती. पत्रानंतर त्यांनी मित्राला आपली दिनचर्या कळविली. सकाळी हिब्रू, मग शाळा, दुपारी ग्रीक, त्यानंतर तेलुगू व संस्कृत, सायंकाळी लॅटिन आणि रात्री इंग्रजी. हा सारा खटाटोप पूर्वजांच्या भाषेला अलंकृत करण्याच्या तयारीसाठीच आहे, असा त्यांचा दावा होता. दिनचर्येत सहा भाषांना जागा होती. जिच्यासाठी ही तयारी चालली होती त्या बंगालीला मात्र एकही तास दिलेला नव्हता. धडा ऐकला गेला होता, पटलाही होता. तो अंगी उतरण्यास आणखी नऊ वर्षे लागावयाची होती.

या मधल्या वर्षांत आईचे निधन झाले. १८५५ मध्ये वडीलही गेले. नातलगांनी मालमत्तेचा ताबा घेतल्याचे वृत्त समजल्यावर १८५६ च्या फेब्रुवारीत मधुसूदन कलकत्त्यास परतले. रेबेका आणि तिची मुले मद्रासमध्येच राहिली. त्यांच्याकडे मधुसूदन पुन्हा कधी गेले नाहीत. मद्रासमधील एका सहकारी शिक्षकाची कन्या हेन्रिएटा ही पुढे कलकत्त्यास आली आणि अखेरपर्यंत त्यांची सहचारिणी म्हणून राहिली. मातृभाषेकडे परतण्याच्या या प्रवासाचे गौरवाने वर्णन करणाऱ्या चरित्रग्रंथांत रेबेकाचा उल्लेख दीर्घकाळ त्रोटकच राहिला. घर सापडण्याच्या या कथेत एक घर मोडले होते, हे सत्य नजरेआड करून मधुसूदनांचे मूल्यमापन पुरे होऊ शकत नाही.

कलकत्त्यात पोलीस कोर्टात प्रथम कारकून व मग दुभाषी म्हणून त्यांनी नोकरी धरली. दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभे राहून एकीचे दुसरीत रूपांतर करणे हा आता त्यांचा उदरनिर्वाहच झाला होता. बंगाली साहित्यातील प्रवेशही त्याच मार्गाने झाला. पाइकपाड्याचे राजे प्रतापचंद्र व ईश्वरचंद्र सिंह यांनी बेलगाछिया येथे नाट्यशाळा उभारली होती. १८५८ मध्ये तेथे रामनारायण तर्करत्न यांच्या 'रत्नावली' नाटकाचा प्रयोग व्हावयाचा होता आणि युरोपीय पाहुण्यांसाठी त्याचा इंग्रजी अनुवाद हवा होता. ते काम मधुसूदनांकडे आले. अनुवाद करीत असता, एवढा खर्च आणि एवढी हौस ज्या नाटकासाठी चालली आहे ते नाटक त्या मोलाचे नाही, असे त्यांना तीव्रतेने वाटले. अधिक चांगले नाटक आपण लिहून दाखवू, असे त्यांनी मित्रांना सांगितले तेव्हा ते हसण्यावारी नेले गेले. बंगाली पत्रही न लिहिणारा हा मनुष्य बंगाली नाटक काय लिहिणार, असा मित्रांचा समज होता. १८५९ च्या आरंभी 'शर्मिष्ठा' प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी बेलगाछियाच्या रंगमंचावर आले. खांडेकरांच्या 'ययाती'मुळे मराठी वाचकाच्या निकट आलेली महाभारतातील ही कथा शंभर वर्षांपूर्वी आधुनिक बंगाली नाटकाच्या आरंभी उभी आहे.

१८६० मध्ये दोन प्रहसने प्रसिद्ध झाली. 'बुडो शालिकेर घाडे रों' मध्ये धर्माचे अवडंबर माजविणाऱ्या लंपट वृद्ध जमीनदाराचा उपहास आहे. 'एकेइ कि बले सभ्यता' मध्ये इंग्रजी शिक्षणाच्या जोरावर मद्यपान व स्वैराचार यांनाच सुधारणा समजणाऱ्या तरुणांचा. या दुसऱ्या प्रहसनाचा लेखक त्याच तरुणांपैकी एक होता. आपल्या पिढीचे व्यंग इतक्या नेमकेपणाने हेरणाऱ्या या लेखकाचे स्वतःचे मद्यपान मात्र सुटले नाही. पाहणे आणि आचरणे यांतील हे अंतर मधुसूदनांच्या चरित्रात वारंवार आढळते.

काव्यातील क्रांती याच सुमारास झाली. बंगालीत अनुप्रासरहित प्रवाही छंद संभवतच नाही, असे यतींद्रमोहन ठाकूर यांनी म्हटले असता मधुसूदनांनी ते आव्हान स्वीकारले. त्यातून 'तिलोत्तमासंभव' हे काव्य जन्मास आले. त्याचा आरंभीचा भाग राजेंद्रलाल मित्र यांच्या 'विविधार्थसंग्रह' या मासिकात १८५९ मध्ये आणि संपूर्ण काव्य १८६० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. परंपरागत पयार छंदात चौदा अक्षरांची ओळ, आठव्या अक्षरावर यती आणि दोन ओळींत अंत्ययमक अशी व्यवस्था असे. अर्थही बहुधा त्या द्विपदीतच संपे. मधुसूदनांनी चौदा अक्षरांचे माप कायम ठेवले, यमक काढून टाकले आणि विराम अर्थाच्या गरजेप्रमाणे ओळीत कोठेही येऊ दिला. वाक्य ओळीची मर्यादा ओलांडून पुढे जाऊ लागले. या छंदास अमित्राक्षर छंद असे नाव मिळाले. मिल्टनचा आदर्श समोर होता हे खरेच; परंतु इंग्रजी छंद बंगालीवर लादण्याऐवजी पयारच्या पोटातून नवा छंद काढण्यात त्यांची खरी प्रतिभा दिसते. परभाषेत घालविलेली वर्षे आणि आईकडून ऐकलेल्या पयारची लय या दोहोंपैकी एकही नसते तर ही रचना शक्य झाली नसती.

१८६१ मध्ये 'मेघनादवध काव्य' दोन भागांत प्रसिद्ध झाले. नऊ सर्गांच्या या महाकाव्यात रावणपुत्र मेघनादाच्या वधाची कथा आहे. वीरबाहूच्या मृत्यूच्या वार्तेने ते सुरू होते. निकुंभिला यज्ञागारात निःशस्त्र मेघनादाचा लक्ष्मणाकडून वध हा त्याचा कळस. आणि चितेवर पतीसह आरूढ होणाऱ्या प्रमीलेच्या दृश्याने त्याची समाप्ती होते. वाल्मीकी व कृत्तिवास यांच्या कथेत होमर, व्हर्जिल, दान्ते, तास्सो आणि मिल्टन यांचे संस्कार मिसळले आहेत. कवीची सहानुभूती राक्षसकुळाकडे आहे, ही त्यातील सर्वांत वादग्रस्त गोष्ट ठरली. येथील रावण हा डोळ्यांदेखत आपले घर ढासळताना पाहणारा आणि तरुण पुत्राला अग्नी देणारा पिता आहे. पुत्र गमावलेल्या राजनारायण दत्तांची छाया या रावणावर काही समीक्षकांना दिसली. असे समीकरण सिद्ध करता येत नाही. पण वडिलांच्या मृत्यूनंतर पाच-सहा वर्षांनी लिहिलेल्या या काव्यात पित्याच्या शोकाला इतके मोठे स्थान मिळावे, ही गोष्ट निरर्थक मानणे कठीण आहे. जिवंत पित्याशी जो समेट झाला नाही, त्याला लागणारी समज काव्यात उशिरा का होईना प्रकट झाली, इतके म्हणता येते.

त्याच वर्षी कालीप्रसन्न सिंह यांच्या विद्योत्साहिनी सभेने कवीचा सत्कार केला. 'ब्रजांगना काव्य' आणि 'कृष्णकुमारी' ही शोकांतिकाही याच काळातील. १८६२ मध्ये आलेल्या 'वीरांगना काव्या'त ओव्हिडच्या धर्तीवर पुराणांतील स्त्रियांची अकरा पत्रे आहेत. हे काव्य ईश्वरचंद्र विद्यासागर यांना अर्पण केलेले आहे. विद्यासागरांना आरंभी अमित्राक्षर छंद रुचला नव्हता. पुढे त्यांनी आपले मत बदलले.

यशाच्या या शिखरावर असतानाच, जून १८६२ मध्ये मधुसूदन बॅरिस्टर होण्यासाठी इंग्लंडला निघाले. बालपणीचे स्वप्न अजून संपले नव्हते. मिळकतीची व्यवस्था लावून पैसे नियमित येतील अशी तजवीज त्यांनी केली होती, ती फसली. पैसे येईनासे झाले, हेन्रिएटा मुलांसह १८६३ मध्ये त्यांच्याकडे येऊन पोहोचली आणि त्याच वर्षी हे कुटुंब फ्रान्समधील व्हर्साय येथे गेले. तेथे उपासमार आणि कर्जापायी तुरुंगवासाची भीती अशा अवस्थेत १८६४ मध्ये त्यांनी विद्यासागरांना पत्र लिहिले. विद्यासागरांनी प्रसंगी स्वतः कर्ज काढून पैसे पाठविले. शेंडी, धोतर आणि साधी चप्पल हा वेष न सोडणाऱ्या या संस्कृत पंडिताने विलायती पेहरावातील ख्रिस्ती कवीला तारावे, हा प्रसंग त्या काळच्या बंगालविषयीच्या ठरीव कल्पनांना धक्का देणारा आहे.

व्हर्सायच्या या दुर्दशेतच 'चतुर्दशपदी कवितावली'तील सुनीते लिहिली गेली. १८६६ मध्ये ती कलकत्त्यास पुस्तकरूपाने छापली गेली. शंभरावर कवितांच्या या संग्रहाने सुनीत हा प्रकार बंगालीत स्थिर केला. त्यांत दान्ते, ह्यूगो व टेनिसन यांच्यावरील कविता आहेत. १८६५ मध्ये दान्तेच्या सहाशेव्या जन्मोत्सवानिमित्त लिहिलेले सुनीत त्यांनी इटलीच्या राजाकडेही पाठविले. परंतु संग्रहाचा प्राण अन्यत्र आहे. कृत्तिवास, काशीराम, विजयादशमी, कोजागरीची लक्ष्मीपूजा, विद्यासागरांचे औदार्य आणि सागरदाडीची कपोताक्ष नदी हे त्याचे विषय आहेत. सागरदाडीचा जो मुलगा इंग्लंडच्या किनाऱ्यासाठी झुरत होता, तो युरोपात पोहोचल्यावर गावच्या नदीसाठी झुरला. स्वभाषेच्या भांडाराकडे पाठ फिरवून परक्या दारी भिक्षा मागण्यात आयुष्य व्यर्थ घालविल्याचा पश्चात्ताप ज्या सुनीतात आहे, त्याचे पहिले रूप १८६० मधले. व्हर्सायमध्ये त्या पश्चात्तापाला अनुभवाचे वजन आले.

१८६६ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि १८६७ च्या आरंभी परतले. विद्यासागरांनी त्यांच्यासाठी घर पाहून ठेवले होते. मधुसूदन उतरले ते महागड्या स्पेन्सेस हॉटेलात. ही एक गोष्ट पुढील सहा वर्षांचे स्वरूप सांगण्यास पुरेशी आहे. हायकोर्टात प्रवेश मिळविण्यास विरोध झाला, मग उत्पन्न सुरू झाले, पण खर्च त्याहून अधिक राहिला. वकिलीत मन नव्हते आणि लेखनास स्वास्थ्य नव्हते. 'इलियड'च्या आधारे लिहिलेले 'हेक्टरवध' हे गद्य अपुरेच १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले. अखेरच्या काळात विद्यासागरांचेही साहाय्य आटले; मधुसूदनांसाठी घेतलेल्या कर्जाने त्यांना स्वतःलाच बेजार केले होते. भाषेच्या बाबतीत जो धडा उशिरा का होईना आत्मसात झाला, तो मिळकत, व्यसन आणि आश्रितांची जबाबदारी या बाबतींत कधीच झाला नाही. त्याची किंमत त्यांच्याबरोबर हेन्रिएटाने आणि मुलांनी मोजली. आपल्या पहिल्या नाटकाची नायिका जिच्या नावात गुंफली होती, त्या शर्मिष्ठा या कन्येचा विवाह १८७३ मध्ये, ती कोवळ्या वयाची असतानाच, घाईने उरकावा लागला. उत्तरपाड्याच्या ग्रंथालयाच्या इमारतीत काही दिवस आश्रय मिळाला. प्रकृती ढासळल्यावर मधुसूदनांना अलीपूरच्या रुग्णालयात ठेवण्यात आले. २६ जून १८७३ रोजी हेन्रिएटाचे आणि तीन दिवसांनी, २९ जून रोजी, मधुसूदनांचे निधन झाले. सुमारे सात आठवड्यांनी कलकत्त्यात बंगाल थिएटर सुरू झाले. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच कराव्यात हा मधुसूदनांचा सल्ला त्या नाट्यसंस्थेने मानला होता, आणि पहिला प्रयोग 'शर्मिष्ठा'चा झाला.

मधुसूदनांचा मार्ग एकट्याचा नव्हता. बंकिमचंद्रांची पहिली कादंबरी १८६४ मध्ये इंग्रजीत क्रमशः आली. पुढच्याच वर्षी 'दुर्गेशनंदिनी' बंगालीत प्रसिद्ध झाली आणि ते इंग्रजी कथेकडे वळले नाहीत. मधुसूदनांना वीस वर्षे लागलेले अंतर बंकिमचंद्रांनी एका वर्षात तोडले. पुढच्या माणसाला वाट आयती मिळाली होती. महाराष्ट्रातही विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ मध्ये सुरू झाली ती इंग्रजी शिकलेल्यांच्या स्वभाषेविषयीच्या अनास्थेवर प्रहार करीतच. प्रदेश आणि प्रकृती भिन्न असल्या तरी प्रश्न एकच होता.

वाचकांनाही मधुसूदन उशिराच उमगले. 'मेघनादवध' ज्या वर्षी प्रसिद्ध झाले त्याच वर्षी जन्मलेल्या रवींद्रनाथांनी वयाच्या सोळाव्या वर्षी 'भारती' मासिकातून या काव्यावर कठोर टीका केली. पुढे 'जीवनस्मृती'त, पन्नाशीच्या सुमारास, त्यांनी त्या टीकेला तारुण्याचा उद्धटपणा ठरवून चूक मोकळेपणाने मान्य केली. या कबुलीत व्हर्सायच्या सुनीतांचा प्रतिध्वनी आहे.

मधुसूदनांनी प्रथमपासून बंगालीतच लिहिले असते तर अधिक लिहिले असते, असे म्हणणे सोपे आहे. परंतु होमर व मिल्टन यांच्या सहवासाविना अमित्राक्षर छंद आणि नवा रावण निर्माण झाला असता, असे म्हणता येत नाही. वाट चुकण्यातून जे साधले ते वाङ्मयात राहिले. जे गमावले ते मद्रासमध्ये, खिदिरपूरच्या विकलेल्या घरात आणि अलीपूरच्या रुग्णालयात राहिले. या दोन हिशेबांची वजाबाकी होत नाही. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला दोन्ही खाती उघडी ठेवूनच मधुसूदन वाचावे लागतात.